दिवसा लावायचा दिवा

परवा सकाळी उठून दार उघडलं, तर समोरच्या घरावरची पाण्याची टाकी दिसेना. म्हटलं, लागली झड.

येऊन जातो तो पाऊस. येऊन मुक्कामाला बसतो ती झड. झडीचं पाणी काही मोठं नसतं. चाळणीतून पीठ गळावं तसं ते गळत राहतं, तीन दिवस, पाच दिवस, कधी आठ. त्या पाण्याचं मला कधी काही वाटलं नाही. वाईट असतो तो उजेड. सकाळी दहा वाजता घरात तिन्हीसांज होते आणि ती तिन्हीसांज रात्रीपर्यंत हलत नाही. माणूस उठतो, जेवतो, भांडी घासतो, पण दिवस काही सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

मी स्टुलावर चढून कपाटावरचा खोका काढला.

"आई, मी काढतो ना," मागून प्रशांत, माझा मुलगा, म्हणाला. "तुम्ही पडल्या म्हणजे?"

"पडली असती तर आतापर्यंत पडली असती. धर हे."

खोक्यात एक दिवा आहे. दिवा म्हणायचा म्हणून म्हणायचा. त्याला वात नाही, बल्बचा गोळा नाही. पांढरी, चपटी पाटी आहे, शाळेतल्या पाटीपेक्षा थोडी मोठी, मागे एक पाय. वायर लावली की सगळी पाटी दुधासारखी उजळते. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेच्या आमच्या या घरात तो मागच्या आषाढात आला. तो आल्यापासून मला माझ्या मायची झड आठवते. आधी आठवत नव्हती असं नाही. आधी राग यायचा, आता आठवते.

माझं माहेर गिरडच्या बाजूचं. गावातून गिरडची टेकडी दिसायची. झडीत दिसायची नाही. टेकडी दिसली की झड उघडली, एवढं आमचं हवामानखातं. सकाळी उठलं की लहानमोठं माणूस आधी तिकडे बघायचं आणि मग तोंड धुवायचं.

घर कवेलूचं, म्हणजे कौलांचं. खिडकी एकच, तीही गोठ्याकडे. झडीत दार लोटलेलं असायचं, म्हणून घरात उजेड चुलीचा. लाकडं ओली, त्यामुळे उजेड कमी आणि धूर जास्त. बैलांचा वास, भिजलेल्या पोत्यांचा वास, चुनभाकरीचा, म्हणजे पिठलं-भाकरीचा वास, सगळे एका खोलीत दाटीनं राहायचे. कपडे वाळायचे नाहीत. निखाऱ्यांवर टोपलं पालथं घालून त्यावर माझा झगा वाळवायचा. आम्हा सगळ्याच पोरींच्या झग्यांना धुराचा वास असायचा. मास्तर म्हणायचे, "बसा खाली, धुराड्यांनो." आम्ही हसत बसायचो. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून ते डोक्यावर घेतलं की झाली आमची छत्री. काळी माती पायाला अशी चिकटायची की घरून निघालेली पोरगी शाळेत पोचेपर्यंत बोटभर उंच व्हायची. बांधावरून तरोटा, म्हणजे टाकळ्याचा कोवळा पाला, खुडून आणायचा. त्याची भाजी लसूण घालून केली की दोन भाकरी जास्त जायच्या. मी आजही करते. आता तरोटा बाजारात जुडी बांधून मिळतो, आणि चव जुनी लागत नाही. ती भाजीची चूक नसावी. भूक तेवढी राहिली नाही.

माय माझी मोठी बोलकी. दिवाळीपासून मृगापर्यंत तिच्या तोंडाला आराम नसायचा. दळताना गायची, वावरात तण निंदताना गायची, आणि भांडायची तर अशी की तिच्या भांडणाला गावात मान होता. दोन घरांचा वाद असला की लोक म्हणायचे, शेवंताला बोलवा.

आषाढ लागला, आभाळ भरलं, की माय विझायची.

पहिलं भांडण बंद व्हायचं. मग वरणात मीठ विसरायची. मग एक दिवस चटई टाकून, भिंतीकडे तोंड करून पडायची, ते भादव्यात ऊन पडेपर्यंत. ताप नाही, खोकला नाही. हाक मारली की "हूं." जेवायला बसवलं की दोन घास. शेजारची सखू काकी दारातून डोकवायची.

"काऊन वं शेवंता, पुन्हा लोळून राह्यली का? आमाले नाई का वं झड?"

माय काही बोलायची नाही. चैत्रात हेच कोणी म्हटलं असतं तर त्याच्या सात पिढ्या निघाल्या असत्या.

गावानं तिला एक शब्द ठरवला होता, अंगचोर. मीही मनात तोच म्हणत होते. मला वाटायचं, निंदणाचे दिवस आले की हिला बरोबर झोप येते.

चौथी पास झाले तेव्हा मी वर्गात दुसरी आले होते. पाचवी पलीकडच्या गावाला, मध्ये नाला. बाबांनी नाव घातलं. नवी पाटी नाही, वही मिळाली, पहिल्यांदाच. दीड महिना गेले. त्या साली झड अशी लांबली की गिरडची टेकडी किती दिवस दिसलीच नाही. माय पडली. भाऊ लहान. बाबा जरा उघडलं की पिकातलं तण काढायला डवरा घेऊन वावरात. भाकरी कोणी टाकायच्या?

"चार दिवस घरी राह्य," बाबा म्हणाले. "मंग जाजो."

ते चार दिवस अजून संपले नाहीत. कोणी मला शाळेतून काढलं नाही, कोणी रागावलं नाही, कोणी ठरवलं नाही. पोळा झाला, नाल्याचं पाणी उतरलं, माय उठली, भांडायला लागली, आणि माझी वही तोवर चुलीजवळच्या कोनाड्यात ओलीनं फुगून गेली होती. मी पुन्हा गेले नाही. पुन्हा जा असं कोणी म्हणालंही नाही. मायही नाही. हा राग मी पुढे साठ वर्षं धरून ठेवला. धरायला दुसरं फार काही नव्हतं.

त्याच झडीतली एक गोष्ट आहे. वानरांनी घरावर उड्या मारून एक कवेलू सरकवला होता. तळहाताएवढी फट पडली. तिथून पाण्याचा थेंब पडायचा आणि थेंबाबरोबर उजेडाची एक पट्टी. मायनं आपली चटई ओढत त्या पट्टीखाली नेली. एवढ्या दिवसांत तिनं आपणहून केलेलं ते एकच काम. पाणी पायावर पडायचं, तिला चालायचं. तोंड उजेडात ठेवून ती वर बघत पडायची.

मला वाटलं, भिजतेय. मी माळ्यावर चढले, तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवला आणि फटीत बसवला. थेंब थांबला. खाली उतरले तर मायनं कूस बदलली होती. तोंड भिंतीकडे. मला आपल्या कामाचा मोठा अभिमान वाटला होता. बाबांना दाखवलंही.

एका गुरुवारी बाबांनी तिला बैलबंडीत घालून गिरडला नेलं. लोक म्हणाले, टेकडीवरच्या दर्ग्यातल्या बाबाच्या पायाशी घाल, उतरेल. मी सोबत होते. टेकडीवर वारा होता, पाऊस थांबला होता, ढग होतेच, पण वर सगळीकडे उजेड पसरला होता. पांढरा, ऊन नसलेला उजेड. दर्ग्यात नारळ दिला आणि बाहेर दगडावर बसलो. माय तिथं दोन तास बसली. उठायचं नाव घेईना. परत आल्यावर तिनं अख्खी भाकर खाल्ली. गाव म्हणालं, बाबा पावला. मायला मी विचारलं, काय वाटलं? ती म्हणाली, "तिथं आभाय मोकयं हाय वो." मला वाटलं, आभाळ कधी बंद असतं का, भलतंच काही बोलते. दोन दिवसांनी ती पुन्हा चटईवर होती.

आता वंदना. वंदना माझी सून. तळेगावची पोर, शाळेत शिकवते. लग्न होऊन आली तेव्हा मीच जरा दबून होते. मास्तरीण घरात आली म्हणून नाही. माझ्या चौथीला ती काय म्हणेल म्हणून. ती काही म्हणाली नाही. पेपर वाचून झाला की माझ्या हातात देते आणि कोणतं पान आधी वाचू तेही सांगते, मला ते आवडत नाही.

तीन पावसाळे मी पाहत होते. पाणी लागलं की ही पडते. शाळेतून आली की पलंगावर. रविवारी दिवसभर पलंगावर. गोड खात सुटायची, बोलायची नाही. प्रशांतला मी म्हटलं, "अंगचोर हाय तुई बायको." तोच शब्द. तोंडातून निघाला तेव्हा मला काही आठवलं नाही.

आठवलं ते मागच्या आषाढात, जेवताना. मी म्हटलं, "वरणात मीठ नाई."

"हो का," वंदना म्हणाली आणि तेच वरण खात राहिली.

माझा घास हातात राहिला. मला रडू वगैरे आलं नाही. जेवण मात्र पुढे गेलं नाही. समोर बसलेल्या बाईकडे मी पाहिलं, आणि मला माझी माय दिसली. चांगली कमावती, शिकलेली, चष्मा लावलेली माझी माय.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवरची लसणाची टोपली काढताना तिच्याखाली एक कागद सापडला. मी वाचायला हळू आहे, पण वाचते सगळं. राजीनामा होता. प्रकृतीच्या कारणास्तव. खाली सही, तारीख मोकळी.

संध्याकाळी मी तो तिच्यापुढे धरला.

"हे काय होय?"

ती पलंगावरून उठली नाही. "पोळ्यानंतर देतो म्हणते मी, आई. सकाळी उठणंच होत नाई. वर्गात उभी राह्यली की डोक्यात कापूस भरल्यासारखं होते. पोरांचं नुकसान होऊन राह्यलं. ते मले पाहवत नाई."

"थोडा आराम करू दे तिले," प्रशांत म्हणाला.

"आरामच तर करून राह्यली ती. तेच तर दुखणं हाय." मी म्हटलं, "उद्या डॉक्टरकडे चालायचं. मीबी येतो."

वर्ध्याच्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी घाई केली नाही. झोप, भूक, कधीपासून, कोणत्या महिन्यात, सगळं विचारलं. कधी याच्या उलट, झोपेवाचून अंगात वारं भरल्यासारखं झालं का, तेही विचारलं. जगावंसं वाटत नाही असं मनात येतं का, हे त्यांनी सरळ विचारलं. वंदना म्हणाली, "नाही. फक्त उठावंसं वाटत नाही." डॉक्टरबाई म्हणाल्या, तसं कधी आलं तर दिव्याची, गोळीची, कशाचीच वाट पाहायची नाही, त्याच क्षणी यायचं. आणि हे माझ्याकडे बघून म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं की काही माणसांना उजेड कमी पडला की मन खाली बसतं. थंड मुलुखात हे हिवाळ्यात होतं, आपल्याकडे कोणाकोणाला झडीत. तो आळस नाही. अंगातलं घड्याळ सकाळ झाली हे ओळखत नाही, म्हणून माणूस चालत नाही.

मी म्हटलं, "मायी माय अशीच होती."

"मग त्यांच्यासाठी काय केलं?"

"काई नाई केलं."

गोळी दिली. दिवा सांगितला. दिव्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं, डोळ्याच्या आतला पडदा तपासून घ्या म्हणून. तो ठीक निघाला. प्रशांत घरी येऊन म्हणाला, एवढ्यासाठी दिवा कशाला मागवायचा, मंडपवाल्याकडून हॅलोजन आणतो, गाव उजळते त्यानं. फोनवर विचारलं तर डॉक्टरबाई एकदम म्हणाल्या, अजिबात नाही. डोळे जातील आणि कातडीही भाजेल. याच कामासाठी बनवलेला दिवा हवा, ज्यातून अपायकारक किरण गाळलेले असतात. प्रशांतनं मान खाली घालून तोच मागवला.

तो आला बरोबर दिव्याच्या अमावस्येच्या आदल्या दिवशी. आषाढ संपताना घरातले सगळे दिवे घासून, पाटावर मांडून पुजायचे, ही आमची रीत. समया, निरांजनं, सासूच्या वेळचा कंदील, मी सगळं चिंचेनं घासलं. या पांढऱ्या पाटीला कोरडं फडकं फिरवलं आणि तिच्या पायाला कुंकवाचं बोट लावून तीही ओळीत बसवली. दिव्यांत ती जराशी परकी दिसत होती, नव्या सुनेसारखी.

आणि मग मी चुकले.

आमच्या घरी दिवसा दिवा लावत नाहीत. माझी सासू म्हणायची, दिवसा दिवा लागला की लक्ष्मी दारातूनच विचारते, इथं कोणी मेलं का? ते माझ्या हाडात आहे. आजही कोणी दुपारी ट्यूबलाइट लावली की माझा हात आपोआप बटनाकडे जातो. म्हणून मी सांगितलं, हा दिवा तिन्हीसांजेला लागेल, देवाच्या दिव्यासोबत.

"आई, डॉक्टर सकाळी म्हणाल्या होत्या," वंदना म्हणाली.

"सकाळी तर देवच उजेड देते. तिथं दिवा कायले पायजे?"

तिच्यात वाद घालायची ताकद नव्हती. असती तर दिव्याची गरजच पडली नसती. तीन दिवस मी तिला सांजेला त्या दिव्यापुढे बसवलं, चांगला तासभर, आपल्या हातानं. जास्त वेळ म्हणजे जास्त गुण, असं मला वाटलं. तीन रात्री ती झोपली नाही. चौथ्या दिवशी चपलेचा पट्टा तुटला म्हणून दारात बसून रडली आणि शाळेत गेली नाही.

प्रशांतनं फोन लावला. डॉक्टरबाईंनी विचारलं, दिवा कधी लावता? तो माझ्याकडे बघायला लागला. मी फोन घेतला.

"मी लावला. संध्याकाळी. चूक मायी हाय."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, कोंबडा संध्याकाळी आरवला तर गावाचं काय होईल?"

"कोंबडा कापतील."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, सकाळी उजेड दिसला की अंग समजतं, दिवस निघाला. तोच उजेड सांजेला दिसला तर अंग समजतं, दिवस अजून संपायचा आहे, आणि झोप उडते. उठल्यावर तासाभरात लावा. आधी पंधरा मिनिटं, आठवड्यानं अर्धा तास, त्यावर नाही. डोकं दुखलं, डोळे चुरचुरले, झोप उडाली, तर थांबवून मला सांगा. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

फोन ठेवला आणि मला तो डब्याचा पत्रा आठवला. मायचा उजेड मी बुजवला होता. सुनेचा उजेड नको त्या वेळी लावला. दोन्ही वेळा चांगलंच करत होते. चांगलं करणाऱ्या माणसाला कोणी थांबवत नाही, हा त्यातला मोठा धोका आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी सहाला उठून दिवा लावायला लागले. बाहेर झड, घरात अंधार, आणि मी दिवसा दिवा लावतेय. पहिल्या दिवशी हात जड झाला. सासूला मनात म्हटलं, लक्ष्मीनं विचारलं तर सांगेन, कोणी मेलं नाही, एकीला उठवून राह्यली.

दिव्याच्या खोक्यावर अंतर लिहिलं होतं. प्रशांत टेप शोधायला लागला. मी कोपर टेबलावर टेकवलं, मधल्या बोटाशी दिवा ठेवला. आमचा जुना हात. त्यानं नंतर टेप लावून पाहिला, बरोबर निघाला. दिवा तोंडासमोर नाही, जरा बाजूला, डोळ्यांहून थोडा वर. त्यात टक लावून बघायचं नाही, फक्त डोळे उघडे ठेवून त्या उजेडात बसायचं. वंदना चहा घेऊन बसायची. मी समोर तरोटा निवडत बसायचे. पहिले काही दिवस तर ती बसायचं म्हणून बसायची. मी हात धरून उठवून आणायचे आणि ती मेंढरासारखी यायची.

एका सकाळी लाइन गेली. झडीत ती जातेच. वंदना म्हणाली, "राहू द्या आजचं." मी छत्री घेतली आणि तिला जिन्यानं गच्चीवर नेलं. ढग होते, पाणी बारीक होतं, पण वर घरापेक्षा कितीतरी उजेड होता. पांढरा, ऊन नसलेला. आम्ही दोघी एका छत्रीत उभ्या राहिलो. ती म्हणाली, "इथं बरं वाटते." मी गिरडच्या दिशेला पाहिलं. सिंदी मेघेतून गिरड काही दिसत नाही. तरी पाहिलं.

डॉक्टरबाईंनी एक काम आणखी दिलं होतं. रोजचं लिहून ठेवायचं, झोप कशी, जेवण कसं, मन कसं. वंदनाला ते होईना. मी म्हटलं, मी लिहितो. घरात वह्यांचा तोटा नाही, मास्तरणीचं घर आहे. पण मी फ्रिजवरचा तो राजीनाम्याचा कागद काढला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. रोज एक ओळ. पेन्सिल नाही, पेन.

उठवली. बोलली नाई.

चहा अर्धा.

झोप चार तास म्हणते.

चहा पूरा.

शाळेत गेली. लवकर आली.

स्वता उठली.

वरणात मीठ होतं.

माय मला त्या दिवसांत फार आठवली, पण लहानपणची नाही. माझं लग्न झाल्यावर कितीतरी वर्षांनी मी एकदा श्रावणात माहेरी गेले होते. घरात शिरले तर मधल्या खोलीत उजेड. वर पाहिलं, छपरात एक काचेचा कवेलू. खाली माय तांदूळ निवडत बसलेली, उजेडाच्या चौकोनात बरोबर मधोमध. झड बाहेर चालू, आणि माय बसलेली. पडलेली नाही.

"हा कधी लावला?"

"दोन साल झाले. तुया भावानं बाजारातून आणला."

"मी होती तवा काऊन नाई लावून घेतला?"

माय तांदळातला खडा काढून फेकत म्हणाली, "झडीत मायं तोंड उघडत नोतं. अन् झड उघडली का मीच इसरून जाऊ. सांगू कवा?"

मला ते तेव्हा कळलं नाही. मी एवढंच मनात धरलं, की भावासाठी उठली, माझ्यासाठी नाही उठली. आता कळतं. बुडणारं माणूस बुडताना ओरडत नाही, आणि काठाला लागलं की लाजेनं बोलत नाही. मधे जे कोणी बघत असेल त्यानंच बघायला पाहिजे. मी बघत होते, दहा वर्षांची. मी पत्रा ठोकत होते.

श्रावण अर्धा गेला. एके दिवशी जेवायला बसलो तर वंदनानं ताट सरकवलं.

"आई, रोज तरोटाच काऊन करून राह्यल्या तुम्ही? गुरं आहो का आम्ही?"

"गुरं बरी. ते नावं नाई ठेवत."

"मग त्यांनाच घाला. आणि मीठ पाह्यलं का? मूठभर पडलं."

"मीठ तू टाकलं."

"मी नाही टाकलं."

प्रशांत दोघींकडे बघत जेवण विसरला. आम्ही चांगला अर्धा तास भांडलो, तरोट्यापासून निघून तिच्या लग्नातल्या पातळापर्यंत गेलो. मग मी हात धुतले, फ्रिजवरचा कागद काढला आणि लिहिलं, आज भांडली. त्याच्याखाली एक रेघही मारली. चौथीत मास्तर चांगल्या उत्तराखाली मारायचे तशी.

पोळ्याच्या सकाळी वंदना स्वयंपाकघरात काहीतरी शोधत होती. टोपल्या खाली ठेवत होती, वर ठेवत होती.

"आई, इथला कागद पाह्यला का?"

"मायाजवळ हाय."

मी तो फ्रिजवरून काढून डब्यात ठेवला होता, तो काढून दिला. तिनं आपली सही पाहिली, मग उलटा केला. ती उभ्यानंच वाचायला लागली.

"आई, हा कोरा कागद नव्हता."

"मागून कोरा होता."

ती वाचत राहिली. पोळ्याच्या पुरणाची डाळ उतू जायला आली, मी जाऊन गॅस बारीक केला आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. तिनं काय ठरवायचं ते तिचं तिनं ठरवायचं होतं. मी एवढंच केलं होतं, की हा कागद आता कोणत्या साहेबाच्या टेबलावर ठेवता येणार नाही. दुसरा लिहायला किती वेळ लागतो? मास्तरीण आहे ती.

मागून ती म्हणाली, "मीठ मी नव्हतं टाकलं त्या दिवशी."

"तूच टाकलं."

कागद तिनं घडी घालून पर्समध्ये ठेवला. काय करणार आहे ते बोलली नाही. आठ दिवस मी तो विषय काढला नाही, आणि माझ्यासाठी ते सोपं नसतं.

भादव्यात डॉक्टरबाईंकडे गेलो. बाहेर तीन महिन्यांतलं पहिलं खरं ऊन होतं, पाठीला चटका लागत होता. वंदनानं पर्समधून तो कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी एकेक ओळ वाचली. एका ठिकाणी हसल्या. मग खाली आणखी काही आहे का म्हणून कागद उलटायला लागल्या.

वंदनानं हात ठेवला. "तिकडलं वाचू नका, मॅडम. तिकडलं रद्द आहे."

मी खिडकीबाहेर पाहिलं. डॉक्टरबाईंनी पुन्हा माझ्या ओळींवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अक्षर किती गोल आहे. हे कोणी लिहिलं?"

"सासूबाईंनी."

"आजी, किती शिकलात?"

"चौथी," मी म्हटलं. "पाचवीच्या साली झड लांबली."